झाडावरचं महाळुंग आणि मधला शनिवार

प्रवासवर्णन लिहिणारी माणसं निदान कुठंतरी लांब जाऊन आलेली असतात. मी कोल्हापूरहून निघालो आणि शिरोळ तालुक्यातल्या माझ्याच गावी पोचलो. एवढ्याशा अंतराचं वर्णन करायला बसणं हा आगाऊपणा आहे, हे मला कळतं. त्यातून विषय ज्यू लोकांच्या रीतींचा. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. आमच्या स्वतःच्या लिंगायत रीतींबद्दल कुणी खोलात जाऊन विचारलं तर मला धड सांगता येत नाही, मग दुसऱ्याच्या धर्माबद्दल मी काय सांगणार? म्हणून आधीच माफी मागतो. जे पाहिलं आणि दानिएल काकांनी जे सांगितलं तेवढंच लिहितो. त्यात चूक असेल तर ती माझ्या ऐकण्यातली समजावी. माझी जी चिडचिड झाली तीही लिहिणार आहे, कारण ती वगळली तर फारसं काही उरत नाही.

झालं असं, की इतिहासाच्या तासाला मॅडमनी विचारलं, अंबाबाईच्या मूर्तीच्या हातात कोणतं फळ आहे? वर्ग गप्प. मी हात वर केला आणि म्हणालो, "महाळुंग." एवढ्यावर थांबायचं, पण उत्तर बरोबर आलं म्हटल्यावर अंगात आलं. "गडमुडशिंगीत माझ्या मित्राच्या परड्यात झाड आहे," हेही सांगून बसलो.

दसऱ्याच्या आधी मॅडमचा फोन आला. ठाण्यात त्यांच्या मैत्रिणीच्या शेजारी दानिएल आवासकर म्हणून गृहस्थ राहतात. बेने इस्राएल, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या कोकणात राहिलेले, घरात मराठीच बोलणारे ज्यू. त्यांचा मांडवाचा सण पौर्णिमेला सुरू होतो आणि त्या सणाला मोठ्या लिंबासारखं हे महाळुंग हातात धरून प्रार्थना करावी लागते. दरवर्षी फळ परदेशातून पार्सलनं येतं. यंदा ते वाटेतच अडकलं होतं. "तू मदत करशील ना?" मॅडम म्हणाल्या. मी हो म्हणालो. एक फळ तोडून द्यायचं, त्यात काय, असं मला वाटलं होतं.

कोल्हापूर, शुक्रवार

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं काका उतरले. सत्तरीकडे झुकलेले, बारीक, डोक्यावर छोटी गोल टोपी, खांद्याला कापडी पिशवी. मी त्यांना आपट्याचं पान दिलं. त्यांनी ते खिशात जपून ठेवलं आणि म्हणाले, "काल तुमचा दसरा आणि आमची दारफाळणी. अख्खा दिवस दार लावून उपास, पाण्याचा थेंबही नाही. रात्री सोडला आणि गाडीत बसलो."

म्हणजे माणूस उपाशी. मी त्यांना थेट मिसळीच्या हॉटेलात नेलं. काकांनी मालकांना विचारलं, "इथं मटणही होतं का?"

"व्हय की. दुपारी या, तांबडा-पांढरा दोन्ही हाय."

"भांडी तीच?"

मालक टेबलावर दोन्ही हात ठेवून वाकले. "पावणं, भांडी रोज घासतोय आमी."

काकांनी शांतपणे सांगितलं, की प्रश्न स्वच्छतेचा नाही. त्यांच्यात जनावर ठरावीक रीतीनंच कापलेलं लागतं, आणि मांस आणि दूध एकत्र चालत नाही. एकाचं भांडंही दुसऱ्याला चालत नाही. मालकांनी सगळं ऐकून घेतलं. "मग पांढरा रस्सा तुमच्यासाठीच हाय. दूध न्हाईच त्यात, नारळाचं असतंय."

"आमच्या घरीही मटणाला नारळाचंच दूध," काका हसले. "रस्सा आमचाच आहे हो. बोकड तुमचा आहे, तेवढीच अडचण."

शेवटी काकांनी पिशवीतून केळी काढली आणि मी त्यांच्यासमोर एकट्यानं मिसळ खाल्ली. निघताना मालक माझ्याकडं बघून म्हणाले, "कोल्हापुरात आणून पावण्याला केळं चारलंस व्हय रं?" हे वाक्य पुढं दिवसभर माझ्या डोक्यात होतं.

खाताना काकांनी फळाच्या अटी सांगितल्या. डाग नको, सुरकुती नको. खाली देठ हवा. वर जे बोंडासारखं टोक असतं ते मोडलेलं नको. आणि कलम केलेल्या झाडाचं अजिबात नको, बियांपासून वाढलेलंच हवं. मी विचारलं, "थोडा डाग असला तर?"

"इतर वर्षी मी आग्रह धरला नसता," ते म्हणाले. "अलिबागकडं आमचं गाव आहे. तिथं समुद्रालगत लहानसं प्रार्थनाघर. तीन-चार घरं उरलीत. माझा मोठा भाऊ हारून तिथं प्रार्थना चालवतो. आमच्या परसात महाळुंगाचं झाड होतं, हारूनच्या हातचं. वादळात उन्मळून पडलं. आता मुलगा त्याला इस्राएलला नेतोय. यंदाचा मांडव त्याचा गावातला शेवटचा. त्या दिवशी त्याच्या हातात डागाळलेलं फळ द्यायचं, मला जमणार नाही."

सोमवारी सूर्य मावळायच्या आत फळ अलिबागकडच्या त्या गावात पोचायला हवं होतं. आज शुक्रवार. मला वाटलं, वेळच वेळ आहे. मधे शनिवार आहे हे मी मोजलं नव्हतं.

गडमुडशिंगी

मित्राची मोटारसायकल घेतली होती. काका मागं बसले, पिशवी पोटाशी धरून.

मित्राच्या काकू दारातच उभ्या होत्या. परड्यातलं झाड मोठं होतं, पण त्यावर फळ दिसेना. मी विचारलं तर काकू अभिमानानं म्हणाल्या, "झाडावर कशाला बघतोस? देवाच्या कामाला न्यायचं म्हणून चांगली तीन फळं नवरात्रातच काढून ठेवलीत." त्यांनी ताट आणलं. त्यात तीन पिवळीधमक महाळुंगं. टोक शाबूत, देठ शाबूत, एक डाग नाही. आणि तिन्हींवर हळदीकुंकवाची बोटं. "घटापुढं ठेवलीती नऊ दिवस. आता ह्याच्यावर कशाची नजर लागायची न्हाय."

काकांनी हात पुढं केला नाही.

"ताई," ते म्हणाले, "ही तुम्ही देवीला दिलीत ना?"

"दिलीत की."

"मग मला नेता येणार नाहीत."

मित्राचे काका सोप्यात बसून ऐकत होते. ते उठून आले. "म्हंजे? देवीचा परसाद चालत न्हाय व्हय तुमास्नी?"

मी मधे तोंड घातलं, "तसं नाही काका, त्यांचं असं आहे की..." आणि पुढं काय आहे ते मलाच माहीत नव्हतं. दोन्हीकडून माझ्याकडं बघत होते. दानिएल काकांनी एवढी एक गोष्ट नुसती होय म्हणून घेतली असती तर काय बिघडलं असतं, असं मला वाटलं. कुंकू पुसता येतं. हळद धुता येते.

पण दानिएल काका म्हणाले, "तुम्ही देवीपुढं ठेवलंत ते तिचं झालं. ते उचलून मी माझ्या देवापुढं नेलं, तर मी कोण ठरेन? दुसऱ्याच्या दारातून उचलून आणलेलं आमच्यात चालत नाही."

मित्राच्या काकांनी ताटाकडं बघितलं. मग बायकोला म्हणाले, "बरोबर हाय त्यांचं. दिलेलं परत काढून दुसऱ्याला द्यायचं, हे आमच्यातबी न्हाय." आणि मला म्हणाले, "आदी सांगाय नको व्हय रं, शिकलेला तू?"

काय सांगणार होतो? मलाच आत्ता कळलेलं. काकूंनी आम्हाला बिनदुधाचा चहा दिला. काकांना दुधाचाही चालला असता, पण एव्हाना त्या कशाचाच धोका पत्करायला तयार नव्हत्या.

कागल

पंचतारांकित एमआयडीसीच्या रस्त्याला एक नर्सरी आहे, तिथं महाळुंग असतं, असं मित्राच्या काकांनीच सांगितलं. ट्रकांच्या मधून गाडी काढत तिथं पोचलो. नर्सरीवाल्यानं लगेच फळ दाखवलं. मोठं, तजेलदार. मी काकांकडं बघितलं. काकांनी झाडाच्या बुंध्याकडं बघितलं.

"कलम आहे का हे?"

"कलम म्हंजे? ईडलिंबावर डोळा भरलाय, मी सोता. असली कलम आख्ख्या जिल्ह्यात न्हाय. घ्या डोळं झाकून."

आम्ही घेतलं नाही. नर्सरीवाला रागावला नाही, पण त्याला वाईट वाटलं. जी गोष्ट तो कसब म्हणून सांगत होता तीच आम्हाला नको होती. "बियाचं झाड कोण लावतंय आजकाल," तो म्हणाला. "फळ धरायला जलम जातोय."

ऊन कलायला लागलं होतं. काका म्हणाले, "आता तुझ्या घरी मुक्कामाला पोचायला हवं. सूर्य मावळला की मला गाडीवर बसता येणार नाही."

"का?"

"शब्बाथ लागतो. उद्या चांदण्या दिसेपर्यंत."

अंदाजानं विचारलं, "मग उद्या शोधायचं...?"

"उद्या काहीच नाही. प्रवास नाही, फोन नाही, खरेदी नाही, विस्तव नाही. आमच्या आज्यापणज्यांचे तेलाचे घाणे होते. शनिवारी घाणा बंद म्हणून लोक आम्हाला शनवार तेलीच म्हणायचे."

मी हेल्मेट घातलं, ते एका परीनं बरं झालं. माझा चेहरा त्यांना दिसला नाही.

घरी जाताना

हुपरी, इचलकरंजी करत सुसाट निघालो. आमच्या गावाची कमान दिसायला लागली आणि मागचं चाक बसलं. पंक्चर. पश्चिमेला सूर्य उसाच्या तुऱ्यांना टेकलेला.

काका खाली उतरले. खिशातून रुमाल, पाकीट, चष्म्याचं घर, फोन, कालचं आपट्याचं पान असं सगळं काढून माझ्या हातात दिलं. "सूर्य मावळल्यावर रस्त्यानं काही वाहून न्यायचं नाही. वाटेत गाठलं गेलं तर बरोबरच्या परधर्मी माणसाकडं द्यावं, अशी जुन्या काळापासून सोय आहे."

अशी सोय आहे हे ऐकून बरं वाटलं, पण ती सोय म्हणजे मी होतो. पुढं काका मोकळ्या हातांनी, मंद स्वरात काहीतरी म्हणत चाललेले. मागं मी, गळ्यात त्यांची पिशवी, खिसे फुगलेले, आणि पंक्चर गाडी ढकलतोय. कमानीपाशी आमचे गाववाले बसले होते. एकानं विचारलं, "मल्ल्या, कुठल्या महाराजांना आणलंस रं?"

आमच्या घरात मटण नाही, मासा नाही, अंडंही नाही. त्यामुळं जेवणाचा प्रश्न इथं तरी सुटेल असं मला वाटत होतं, आणि तो बऱ्यापैकी सुटला. अव्वानं, म्हणजे माझ्या आईनं, आधीच हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर, चपात्या आणि शेंगाची चटणी करून ठेवली होती. काकांनी सकाळीच बाटलीत काळ्या मनुका भिजत घातल्या होत्या. त्यांचं सरबत वाटीत ओतलं, उभं राहून प्रार्थना म्हटली, मग दोन अख्ख्या चपात्या हातात धरून आशीर्वाद म्हटला. आप्पा, माझे वडील, ताटावर हात ठेवून थांबून राहिले. ते जेवणापूर्वी स्वतःही थोडा वेळ डोळे मिटून बसतात, त्यामुळं त्यांना यात काही नवल वाटलं नाही.

जेवताना मी दिवसभराची रड सांगितली. तीन फळं अशी गेली, कलमाचं असं गेलं. अव्वा हुग्गी वाढता वाढता म्हणाली, "आपल्या हिरीवर एक हाय की."

"काय?"

"म्हाळुंग. मळ्यातल्या हिरीवर. म्हापुरात झाड गेलंय म्हणत हुतो, ते फुटलं परत. एकच लागलंय, पर असं झालंय." तिनं दोन्ही हातांनी आकार दाखवला. "उद्या तोडून लोणचं घालायचं हुतं."

"अव्वा, मी आज दिवसभर महाळुंग शोधतोय. फोनवर सांगितलं होतं ना तुला?"

"पावणं येणार हाईत म्हणून सांगटलंस. म्हाळुंग पायजे म्हणून कवा सांगटलंस?"

काकांनी हळूच विचारलं, "बियांचं आहे?"

"माझ्या वडलांनी बी पुरलंतं," आप्पा म्हणाले. "कलम कोण करतंय हिरीवर."

बाहेर पूर्ण अंधार झाला होता. शब्बाथ लागला होता. फळ आमच्याच मळ्यात, झाडावर. आणि काकांना ते तोडता येणार नव्हतं, आम्हाला तोडायला सांगता येणार नव्हतं, आणि अव्वाला लोणचं घालू नका असंसुद्धा सांगावं की नाही याचा ते विचार करत होते. ते मीच सांगितलं. जरा जोरातच सांगितलं.

शनिवार

सकाळी काकांच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. मी विचारलं, झोप लागली नाही का? तेव्हा कळलं, की खोलीतला दिवा रात्रभर चालू होता. त्यांना बटण दाबता येत नाही, आणि दुसऱ्याला "बंद कर" असं सरळ सांगताही येत नाही.

"पण मी तुला म्हणालो होतो," काका म्हणाले, "की दिव्याचा उजेड भलताच पडतोय."

म्हणाले होते. त्यावर मी "हो काका, नवीन बसवलाय" असं सांगून दार ओढून घेतलं होतं. त्यांनी रात्रभर तोंडावर टॉवेल घेतला होता.

मग अव्वाचा प्रश्न. पाहुण्याला सकाळी गरम काही करायचं नाही, कालचंच गार वाढायचं, हे तिच्या पचनी पडेना. तिनं चुलीवर तवा ठेवला. काका विनंती करत म्हणाले, "माझ्यासाठी नको." ती माझ्याकडं वळली, "पावण्याला शिळं वाढू? गाव काय म्हणंल?" मी म्हटलं, गावाला कोण सांगतंय. ती म्हणाली, "गाव माझ्या आत बसलंय."

काका तिला समजावून सांगायला लागले. आज विस्तव नाही, कापणं नाही, खुडणं नाही, दळणं नाही. ऐकता ऐकता अव्वाचा चेहरा बदलला. "आमी नागपंचमीला तवा ठेवत न्हाई, इळीनं काय चिरत न्हाई, तसं?"

"अगदी तसं."

"म्हंजे तुमची आठवड्याला नागपंचमी." तिनं तवा उतरवला. "बायास्नी बरंय की मग."

चहाचं मात्र तिनं सोडलं नाही. पाहुण्यासाठी म्हणून चहा करून चालत नाही, पण घरच्यांनी स्वतःसाठी केलेला उरला तर चालतो, हे कळल्यावर तिनं आप्पांसाठी चहा ठेवला. आप्पांनी आत्ताच घेतला होता. "ह्यांच्यासाठी केलता," ती काकांपुढं कप ठेवत म्हणाली, "जास्त झाला." काकांनी मान खाली घालून चहा प्यायला. मला वाटतं ते हसत होते.

मळा जवळच आहे, म्हणून दुपारी आम्ही चालत गेलो. विहिरीच्या कडेला, पुराच्या गाळात अर्धं बुडालेलं ते झाड. एका बाजूनं वाळलेलं, दुसऱ्या बाजूनं हिरवं. आणि हिरव्या फांदीला, खाली वाकून, ते एक फळ. पिवळं होत आलेलं, टोक सुईसारखं सरळ. मी म्हटलं, "काका, जवळ या, वास बघा."

ते दोन पावलं मागं सरले. "झाडावरच्या खायच्या फळाचा शब्बाथला वास घ्यायचा नाही."

"वाससुद्धा?"

"वास घेतला की मन होतं. मन झालं की हात जातो."

आदल्या दिवशी ज्याच्यासाठी वणवण केली ते फळ हाताच्या अंतरावर होतं आणि माणूस नाक फिरवून उभा होता. मी विहिरीच्या काठावर बसून राहिलो. मला खरंच रडू येईल असं वाटलं. आमच्यातही नियम आहेत, पण घरातले लोक अडचण बघून ते थोडे सैल करतात. इथं सत्तरीचा माणूस, घरी भाऊ वाट बघतोय, कुणी बघत नाही, आणि हा वाससुद्धा घेत नाही. मी तसं बोलूनही दाखवलं.

काका म्हणाले, "तुझं बरोबर आहे. हारूनपुढं हे फळ धरताना मला आजचा दिवसही आठवणार ना. म्हणून."

परत येताना पश्चिमेकडून ढग चढायला लागले. परतीचा पाऊस. आप्पा ओसरीत उभे राहून आभाळ बघत होते. "गारा हाईत ह्यात," ते म्हणाले. "तोडून आणू?"

प्रश्न काकांना होता. काकांच्या तोंडून एक शब्द आला असता तर सगळं संपलं असतं. ते म्हणाले, "आज माझ्यासाठी तोडू नका, आप्पा."

"आणि गारा पडल्या तर?"

खुर्चीच्या हातावर काकांची बोटं घट्ट आवळलेली होती.

वारा सुटला. पत्रे वाजायला लागले. मग पाऊस, आणि पावसात टपटप गारा. मी काकांकडं बघायचं टाळलं. थोड्या वेळानं अव्वानं विचारलं, "हे कुठं गेलं?" आप्पा घरात नव्हते. खुंटीवरची मोठी छत्रीही नव्हती.

पाऊस थांबल्यावर आप्पा आले. धोतराला गाळ, खांद्यावर ओलं पोतं, छत्रीची एक काडी मोडलेली. काका दारात उभे होते. ते विचारणार नाहीत हे आता आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

"हाय," आप्पा म्हणाले. "झाडालाच हाय. हात लावलेला न्हाय."

"तुम्ही एवढा वेळ छत्री धरून..." काका म्हणाले. "आप्पा, माझ्यासाठी हे..."

"तुमच्यासाठी न्हाय." आप्पांनी पोतं पिळलं. "हिच्या लोणच्यासाठी गेलतो."

अव्वा चुलीपुढं होती. तिनं मान वळवली नाही. "चहा ठेवलाय ह्यांच्यासाठी," ती म्हणाली. "जास्तच हुईल."

दिवेलागणीला आम्ही तिघं अंगणात उभे राहून तीन चांदण्या शोधत होतो. ढग हटत होते. आप्पांनी एक दाखवली, तिला दिवे लुकलुकत होते आणि ती मुंबईकडं चालली होती. शेवटी तिन्ही सापडल्या. काकांनी अव्वाकडून लवंगा मागून घेतल्या, त्यांचा वास घेऊन प्रार्थना म्हटली, आणि लवंगा आम्हा सर्वांच्या नाकापुढं फिरवल्या. शनिवार संपला, असं ते म्हणाले. मला तर आठवडा संपल्यासारखं वाटत होतं. काका त्याच पावली मळ्यात निघाले होते, पण पावसानंतर बांधावर साप-जनावर असतं म्हणून आप्पांनी त्यांना अडवलं.

रविवार

उजाडल्यावर काकांनी स्वतः कात्रीनं फळ कापलं, देठ ठेवून. मग पहिल्यांदा नाकाशी नेलं आणि बराच वेळ तसेच उभे राहिले. आप्पांनी त्यांना नदीकाठच्या वाळुंजाच्या फांद्याही काढून दिल्या, कारण त्या सणाला त्याही लागतात.

घरी आल्यावर पुन्हा एक पेच निघाला. पहिल्या दिवशी फळ स्वतःच्या मालकीचं असावं लागतं, उसनं चालत नाही. आप्पा आदल्या रात्री गमतीनं म्हणाले होते, "सण झाला की परत पाठवा, लोणच्याला." काकांनी ते मनावर घेतलं होतं. मी कपाळाला हात लावला. आप्पांनी मात्र फळ दोन्ही हातांत घेतलं आणि काकांच्या हातात ठेवलं. "दिलं. आता माझं न्हाय."

काकांनी ते कसं धरायचं ते दाखवलं. उजव्या हातात फांद्या, डाव्या तळव्यावर महाळुंग. आप्पा त्या डाव्या तळव्याकडं बघत राहिले. सकाळी पूजेला ते इष्टलिंग तसंच डाव्या तळव्यावर घेऊन बसतात, आणि काकांनी ते दाराआडून पाहिलं होतं.

डब्यात कापूस घालून फळ ठेवलं आणि झाकण लावणार, तेवढ्यात अव्वा कुंकवाचा करंडा घेऊन आली. आमच्या घरातून काहीही चांगलं बाहेर जाताना ती बोट टेकवते, मग ते नव्या गाडीचं चाक असो नाहीतर माझी कॉलेजची बॅग. तिचं बोट डब्याच्या वर आलं. मी "अव्वा" म्हणून ओरडलो, आप्पा ओरडले, काकांनी डबा छातीशी धरला. अव्वाचं बोट हवेत थांबलं.

"एवढं वराडाय नको," ती म्हणाली. "कळतंय मला." आणि करंडा घेऊन ती मळ्याच्या वाटेला लागली. झाडाला लावून आली.

संध्याकाळी मी काकांना कोल्हापुरात गाडीत बसवून दिलं. जागा खिडकीची मिळाली होती, पण डब्याला धक्का लागेल म्हणून ते आतल्या बाजूला बसले. डबा मांडीवर. गाडी हलली तेव्हा त्यांनी हात केला नाही, कारण दोन्ही हात डब्यावर होते.

त्यानंतर

सोमवारी दुपारी मी फोन केला, लागला नाही. पौर्णिमा उगवली. आमच्याकडं कोजागरीचं दूध आटत होतं आणि मी हिशेब करत होतो की तिकडं सण लागला, म्हणजे आता पहिले दोन दिवस फोन बंद. दोन दिवस तसेच गेले. तिसऱ्या दिवशी रात्रीही फोन नाही. मग परत शुक्रवार आला, म्हणजे परत शनिवार. अव्वा रोज विचारायची, "टोक मोडलं असंल व्हय रं गाडीत?" मी म्हणायचो, मला काय माहीत. आप्पा काही विचारायचे नाहीत. फोन वाजला की तेवढे बाहेरून आत यायचे. गडमुडशिंगीचे मित्राचे काकासुद्धा दोनदा विचारून गेले. एका फळासाठी एवढी माणसं खोळंबून ठेवायची आणि साधा फोन करायचा नाही, याचा मला खरोखर संताप आला होता.

सगळा सण उलटून गेल्यावर फोन आला. गावात रेंज नव्हती, वाऱ्यानं खांब पडला होता, हे काकांनी आधी सविस्तर सांगितलं. मग मांडवाच्या छपराला नारळाची झावळं कशी घातली ते सांगितलं. मी फोन स्पीकरवर टाकला होता. शेवटी अव्वाच म्हणाली, "भावजी, टोक?"

"शाबूत," काका म्हणाले. "हारूननं उन्हात नेऊन सगळीकडून पाहिलं. मग मला विचारलं, झाड कुणी लावलं? मी सांगितलं."

पहिल्या दिवशी फळ ज्याच्या हातात, त्याच्या मालकीचं असावं लागतं. म्हणून हारूनभाऊंनी प्रार्थना झाल्यावर ते शेजाऱ्याला देऊन टाकलं, कायमचं. शेजाऱ्यानं प्रार्थना करून ते पुन्हा त्यांना देऊन टाकलं. असं ते प्रार्थनाघरातल्या प्रत्येकाचं झालं, बायकांचं, पोरांचं, आणि परत आलं. अडकलेलं पार्सलही सोमवारी दुपारी पोचलं होतं. ते कुणी उघडलं नाही.

"आता फळाचं काय केलंसा?" अव्वानं विचारलं.

"सालीचं लोणचं घातलंय आमच्या हिनं. बरणी पाठवतो."

अव्वानं माझ्याकडं बघितलं. "मीठ कमी घाटलं असणार," ती हळूच म्हणाली.

आप्पा दारात उभे होते. ते पहिल्यांदाच बोलले. "आणि बिया?"

काका म्हणाले, "हारूननं पुरल्या, पडलेल्या झाडाच्या जागी. मुलाला सांगितलंय, कोंब दिसल्याशिवाय तिकीट काढायचं नाही."

काल संध्याकाळी त्यांचा पुन्हा फोन आला. दोन कोंब आलेत.